निपाणीच्या विडीचा अभ्यास कधी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींचा अभ्यास झाला. मिसोप्रोस्टॉलची गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के, न घेतलेल्यांत १२. २००६ ला ‘लॅन्सेट’मध्ये आलं. अनुदान मात्र अमेरिकन सरकारचं!

मग निपाणीत तंबाखूच्या धुळीत विड्या वळणाऱ्या आपल्या मावश्यांच्या फुफ्फुसांचं काय? आयसीएमआरची संस्था बेळगावातच आहे. मेडिकलच्या पोरांना दोन महिन्यांच्या अभ्यासासाठी आयसीएमआर विद्यावेतनही देते. विषय निपाणीचा घ्या, अर्ज करा.

मी राज्यशास्त्राचा, मला एवढंच कळतं: संमतीपत्र बाईला समजेल त्या भाषेत हवं, हा आयसीएमआरचाच नियम. म्हणजे मराठी बाईला मराठीत. ही मेहरबानी नाही, हक्क आहे. अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवा, हे आपण ठणकावून सांगू.