रंगाचा सौदा नाकारणारी अभिनेत्री

वर्णभेदाचा पोकळपणा पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय अभिनेत्री फ्रेडी वॉशिंग्टन यांचे आयुष्य पाहावे. १९३३ साली ‘द एम्परर जोन्स’ या चित्रपटात त्यांनी पॉल रोबसन यांच्यासमवेत काम केले. काळा पुरुष गोऱ्या स्त्रीला जवळ घेत आहे असा समज होईल, या धास्तीने उजळ वर्णाच्या फ्रेडींना काळा रंग लावण्यात आला. काळ्या स्त्रीला ‘काळी’ ठरविण्यासाठी रंगवावे लागते, मग ती उच्चनीचता निसर्गाची कशी?

१९०३ साली जॉर्जियातील सव्हाना येथे जन्मलेल्या फ्रेडी नर्तकी म्हणून रंगभूमीवर आल्या. १९३४ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’मध्ये, गोरी म्हणून जगण्यासाठी काळ्या आईला नाकारणाऱ्या मुलीची त्यांची भूमिका गाजली. परंतु पुढे हॉलिवूडपाशी त्यांच्यासाठी जागाच नव्हती. मोलकरणीच्या भूमिकेला त्या फार गोऱ्या आणि नायिकेच्या भूमिकेला काळ्या! गोरी म्हणून मिरविण्याची वाट मोकळी होती. पडद्यावरील मुलीने पत्करलेली ती वाट फ्रेडींनी ठामपणे नाकारली. १९३७ नंतर त्यांनी चित्रपटांत भूमिका केली नाही.

या बाणेदारपणाचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. पण एकट्याचा स्वाभिमान माणसाला ताठ ठेवतो. व्यवस्था हलवीत नाही. ती हलविण्यास संघटना लागते. फ्रेडींनी हे ओळखले होते. १९३७ साली स्थापन झालेल्या ‘निग्रो अ‍ॅक्टर्स गिल्ड’च्या त्या एक संस्थापक आणि पहिल्या कार्यकारी चिटणीस होत. गरजू कलावंतांना आधार देणे हे या संस्थेचे काम. चाळीसच्या दशकात हार्लेममधील ‘पीपल्स व्हॉइस’ या साप्ताहिकातून त्यांनी रंगभूमीविषयी आणि कलावंतांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाविषयी लेखन केले.

१९५९ साली ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ची नवी आवृत्ती निघाली. फ्रेडींची भूमिका कृष्णवर्णीय नसलेल्या अभिनेत्रीला मिळाली. पंचवीस वर्षांत सद्भावनेची भाषणे पुष्कळ झाली असतील. परंतु भूमिका कोणाला द्यावयाची, हे ठरविणारे हात मात्र बदलले नव्हते. भांडवल ज्याचे, पडदा त्याचा, हा न्याय कायम होता.

१९९४ साली फ्रेडी निवर्तल्या. त्यांची आठवण केवळ हुकलेल्या भूमिकांची हळहळ म्हणून ठेवणे, हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. पडद्याने जागा नाकारली तेव्हा त्यांनी चिटणिसाची लेखणी हाती घेतली. कार्यकर्त्यांनी स्मरावी ती ही भूमिका.