सेनानी न्यायासनावर

गारखेड्यातील एखाद्या निवृत्त शिपायाचे अपंगत्व-वेतन नाकारले गेले, तर त्यास २००७ च्या कायद्यान्वये स्थापिलेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे दाद मागता येते. तेथे उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाशेजारी बहुधा मेजर जनरल वा त्याहून वरच्या किंवा तत्सम हुद्द्याचा सेनानी बसतो. यांत आम्हांस गैर दिसत नाही. छावणीचे कष्ट छावणीत राहिलेल्यासच कळतात. मात्र ज्याने जन्मभर हुकूम पाळला व पाळविला, त्यानेच आता हुकुमाची झडती घ्यावयाची आहे. अशा वेळी ज्या संरक्षण खात्याविरुद्ध फिर्याद, त्याच खात्याकडे न्यायाधिकरणाचा कारभार असावा, हा कोठला न्याय? दुकानाची वजने तपासणारा दुकानदाराचाच चाकर असेल, तर गिऱ्हाइकाने भरवसा कोणावर ठेवावा? सबब हा कारभार त्या खात्याकडून सत्वर काढून घ्यावा. तरच सेनानीच्या निकालावर शिपायाचा विश्वास बसेल.