चिया आपल्या वावरात पिकतो, पण वजन त्याने उतरतं का?

मालेगाव तालुक्यातले एक शेतकरी पत्नीला घेऊन दवाखान्यात आले होते. ताईंचं वय बावन्न, वजन ७४ किलो, मधुमेह सहा वर्षांपासून. चार महिन्यांपूर्वी त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.२ होती. आता ती ९.६ झाली होती आणि वजनही दोन किलोंनी वाढलं होतं. गोळ्या चालू आहेत का, असं विचारल्यावर दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. मग भाऊंनीच सांगितलं. चियाने साखर आणि चरबी दोन्ही उतरतात, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. घरचा पाच किलो चिया विकायचा ठेवून त्यांनी ताईंना रोज सकाळी ग्लासभर दुधात दोन चमचे चिया आणि चवीपुरता गूळ घालून द्यायला सुरुवात केली. गोळ्या मात्र बंद झाल्या. "डॉक्टर, चिया तं आपल्या वावरातलाच हाये. मंग वजन काऊन नाही उतरून राह्यलं?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि वाशिम जिल्ह्यात तो आता घरोघरी विचारला जाणार आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे रब्बीत हरभऱ्याबरोबर चिया दिसायला लागला. हे पीक मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय संस्थेने ते भारतीय शेतकऱ्यांपर्यंत आणलं. आपल्या शेतकऱ्यांना ते आवडण्याचं कारण साधं आहे. पाणी कमी लागतं आणि रानडुकरं, रोही त्याच्या वाटेला जात नाहीत. आधी माल मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत न्यावा लागायचा, आता वाशिमच्या बाजार समितीतही त्याची खरेदी होते. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येत असतील तर एक डॉक्टर म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण शहरातला ग्राहक ज्या आशेवर हा चिया विकत घेतो, ती आशा आता पोत्याबरोबर उलटी फिरून आपल्याच घरात आली आहे. तिची शहानिशा करायला हवी.

चियात काय आहे, काय नाही

१०० ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर, १६-१७ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर ओमेगा-३ असतं. धान्य म्हणून ते उत्तमच आहे. पण त्याच १०० ग्रॅममध्ये जवळपास ४८५ कॅलरीही असतात, म्हणजे ज्वारीच्या पिठापेक्षा जास्त. ताईंच्या ग्लासाचा हिशोब करू. दोन मोठे चमचे चिया म्हणजे १२० कॅलरी, म्हशीचं ग्लासभर दूध साधारण २००, गुळाचा खडा ७५. सगळे मिळून जवळपास ४०० कॅलरी झाल्या, आणि त्या नेहमीच्या जेवणाच्या वर. ताईंनी भाकरी एकही कमी केली नव्हती, कारण "औषध" तर त्या घेतच होत्या.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये २००९ साली जाड व्यक्तींना १२ आठवडे रोज ५० ग्रॅम चिया देऊन पाहिला. वजनात फरक पडला नाही. कॅनडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींना सहा महिने चिया दिला, तेव्हा सरासरी १.९ किलो वजन उतरलं. मोबाईलवरचे व्हिडिओ हा दुसरा अभ्यास सांगतात, पण त्यातल्या लोकांचा रोजचा आहारही मोजून कमी केला होता, हे सांगत नाहीत. चियाने पोट भरल्यासारखं वाटून माणूस एक भाकरी कमी खात असेल तर थोडा उपयोग होतो. भाकरी तेवढीच आणि वर चिया, असं केलं तर वजन वाढणारच.

खायचाच असेल तर भिजवून खा. चिया स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो. २०१४ साली मांडल्या गेलेल्या एका प्रकरणात अमेरिकेतल्या एका माणसाने चमचाभर कोरडा चिया गिळून वर पाणी प्यायलं. बी अन्ननलिकेतच फुगून अडकलं आणि अन्ननलिका दुर्बिणीने मोकळी करावी लागली.

आणि खरं सांगू का, आपल्या आजीच्या जवसाच्या चटणीत हेच सगळं होतं. जवसात ओमेगा-३ चियापेक्षा कमी नाही, तंतूही भरपूर. विदर्भात जवस पिढ्यानपिढ्या पिकत आला, मागे पडला आणि आता परदेशी भावंडाच्या रूपाने परत आला. असो.

तेलाचा हिशोब

२३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणावर बोलताना दर महिन्याला दहा टक्के तेल कमी वापरायचं आवाहन केलं. आपण सोयाबीनवाले, तेव्हा तेल हा आपल्या घरचाच विषय. या दहा टक्क्यांनी नक्की काय होतं ते बघू.

समजा चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागतं. म्हणजे माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणून नुसत्या तेलातून रोज ३४० कॅलरी झाल्या. यातले दहा टक्के कमी केले तर माणशी रोज ३४ कॅलरी वाचतात. चांगली सुरुवात, पण वजनकाट्यावर दिसण्याइतकी नाही. तेच पाच लिटरचे तीन लिटर केले, तर रोज १३५ कॅलरींच्या वर वाचतात आणि हा फरक काही महिन्यांत कंबरेवर दिसतो. आवाहन चुकीचं नाही, माझ्या मते ते भित्रं आहे. कोणतं तेल चांगलं, हा प्रश्न मला रोज येतो. सोयाबीन, फल्ली, करडई, सगळ्यांत कॅलरी सारख्याच. आधी किती, मग कोणतं.

पाचाचं तीन करायला स्वयंपाक बदलावा लागत नाही. महिन्याचं तेल एका बरणीत वेगळं काढा आणि फोडणी पिशवीतून ओतण्याऐवजी चमच्याने घाला. आलूबोंडा, भजी, कचोरी आठवड्यातून एकदाच. हे काम घरातल्या बाईवर एकटीवर टाकू नका. भाजीवर तर्री दिसली नाही की ताटावरून उठणारा पुरुष घरात असेल, तर त्या घरातलं तेल कमी होत नाही, हे मी वीस वर्षं बघतो आहे.

तेलानंतर चहा. कपात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ४० कॅलरी. पेरणीच्या दिवसांत, लग्नसराईत, पाहुण्यांच्या निमित्ताने दिवसाला सहा कप सहज होतात. म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाची सगळी वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. "आम्ही गुळाचा पितो" असं सांगणाऱ्यांना मी नम्रपणे सांगतो की शरीर गुळाला फारशी सवलत देत नाही.

भाकरीबद्दलही एक गैरसमज काढून टाका. ज्वारी उत्तम धान्य आहे, पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात. तीन पोळ्या सोडून तीन भाकरी खाल्ल्याने वजन उतरत नाही. तीनाच्या दोन करा आणि रिकाम्या जागी घट्ट वरण, मोड आलेली मटकी, ताक, हिरवी भाजी येऊ द्या. आपल्या वावरात तूर पिकते आणि ताटातलं वरण मात्र पाण्यासारखं असतं. प्रथिनं पुरेशी मिळाली तर भूक उशिरा लागते आणि वजन उतरताना स्नायू झिजत नाहीत. उपवासाचं तर "एकादशी, दुप्पट खाशी". साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि तळलेले चिप्स यांचा उपवास वजनासाठी करू नका, देवासाठी करायचा तर करा.

दोनदा खायचं की दर दोन तासांनी?

२०१८-१९ मध्ये या प्रश्नावरून महाराष्ट्रात घराघरात वाद होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. या विचाराची मुळं आपल्या विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांत होती. दुसरीकडे ऋजुता दिवेकर स्थानिक, घरचं अन्न थोडं थोडं आणि वेळेवर खायला सांगत होत्या. दोन्ही बाजूंचे लोक दवाखान्यात येऊन मला पंच करायचे.

माझा अनुभव असा की दोन्हींनी वजन उतरलेले रुग्ण आहेत आणि दोन्हींनी काही न झालेलेही आहेत. ज्यांचं उतरलं त्यांनी दोन्हीकडे एकच गोष्ट केली होती. बिस्किटं, फरसाण, दिवसभराचा गोड चहा आणि रात्री टीव्हीसमोरचं खाणं सुटलं होतं. तुम्हाला जे पाच वर्षं जमेल ते निवडा. फक्त ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. साखर एकदम उतरून चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते. आधी डोस बदलून घ्या.

"आम्ही तर शेतात राबतो"

राबत होतो. आता निंदणाचं बरंचसं काम तणनाशक करतं, मळणी यंत्र करतं आणि वावरापर्यंत मोटारसायकल नेते. सोयाबीन काढणीचे पंधरा दिवस अंग मोडून काम असतं, पण एप्रिल-मे बाजेवर जातो. जेवण मात्र आजोबांच्या मापाचंच राहिलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात प्रौढांपैकी ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. हा आजार फक्त शहरातला राहिलेला नाही.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा: खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या उचलणं. उन्हाळ्यात सातच्या आत चाला. महामार्गाच्या कडेने नको, शाळेचं मैदान किंवा मंदिराचा परिसर बरा. बायकांनी चार जणी मिळून जावं, म्हणजे लोकांच्या नजरेची अडचण कमी होते आणि नागाही पडत नाही. पण अर्ध्या तासाच्या चालण्याने जेमतेम सव्वाशे कॅलरी जळतात. परतताना खाल्लेली एक कचोरी त्याच्या दुप्पट असते.

मग चालायचं कशाला? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यास मला म्हणूनच आवडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सुधारला, चालायला लागले. तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांचं वजन फारसं बदललंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इंजेक्शनचं काय?

मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. मार्च २०२६ मध्ये वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाईडचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त देशी औषधांची वाट मोकळी झाली. ही औषधं खरोखर काम करतात, चियासारखं नाही. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. ज्यांचा लठ्ठपणा जास्त आहे, सोबत मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांच्यासाठी ती वरदान ठरू शकतात. लग्नाआधी पाच किलो उतरवण्यासाठी ती नाहीत. चिठ्ठीशिवाय कोणी देत असेल तर घेऊ नका.

वजन उतरवण्याआधी ते खरंच जास्त आहे का, हे मोजा. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याच जिल्ह्यात रक्त कमी असलेल्या, मुळातच बारीक बायकाही आहेत, हा लेख त्यांच्यासाठी नाही. आणि काही न करता वजन उतरत असेल, सोबत खोकला, ताप, फार तहान किंवा भूक मंदावणं असेल तर खूश होऊ नका. क्षयरोग, वाढलेली साखर, थायरॉइड, क्वचित कर्करोग तपासावा लागतो.

मालेगावच्या ताईंच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या. चिया बंद करायला सांगितला नाही. एक चमचा, ताकात भिजवून, गुळाशिवाय, आणि सकाळच्या एका भाकरीच्या ऐवजी. तेलाची बरणी भाऊंच्या ताब्यात दिली, कारण पाच किलो चिया मोजून ठेवणारा माणूस तीन लिटर तेलही मोजू शकतो. सहा महिन्यांत चार किलो, एवढंच लक्ष्य ठरलं. तीन महिन्यांनी ताई आल्या तेव्हा वजन दीड किलोच उतरलं होतं, एचबीए१सी ७.८ झाली होती. "चिया संपला," भाऊ म्हणाले, "आता जवस पेरतो."