गाणं ऐकू येतं, बोलणं नाही

दिवाळीला वडिलांसाठी काय घ्यावं, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी मी एका झटक्यात सोडवला. जुनी गाणी आधीच भरून दिलेला, रेडिओसारखा दिसणारा डबा आणला. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये 'कारवाँ' नावाने तो पहिल्यांदा काढला, तेव्हा त्यात पाच हजार हिंदी गाणी होती. पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. एकेकाळी तबकडीवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर आलेलं हे सगळं आता पुन्हा नव्या वेष्टनात येत आहे. हौशी लोकांसाठी लाँग प्ले तबकड्याही परत निघू लागल्या आहेत.

वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, वय एकोणऐंशी. रडकी गाणी त्यांना पहिल्यापासून नको असतात. 'चलती का नाम गाडी' (१९५८), 'हाफ टिकट' (१९६२), 'पडोसन' (१९६८), आणि मराठीत दादा कोंडक्यांचे 'सोंगाड्या' (१९७१) व 'पांडू हवालदार' (१९७५), हे त्यांचे चित्रपट. 'पडोसन'मधली किशोरकुमार आणि मन्ना डे यांची गाण्यातली कुस्ती लागली की ते पुढची गंमत येण्याआधीच हसायला लागत. राम कदमांची चाल आणि जयवंत कुलकर्ण्यांचा आवाज आला की मांडीवर ठेका सुरू. आम्ही घरातले खूश. बाबांचे कान अजून ठणठणीत आहेत, असं मी स्वतः चारचौघांत सांगत होतो.

ते खरं नव्हतं. आणि मी डॉक्टर आहे.

मागच्या वर्षी माझ्या मुलाने त्यांना एका जुन्या विनोदी मराठी चित्रपटाची गाणी आणि संवाद मोबाइलवर लावून दिले. हा चित्रपट बाबांनी कधी पाहिला नव्हता. आम्ही सगळे हसत होतो. बाबा आमच्या तोंडाकडे बघत होते, आणि आम्ही हसलो की क्षणभराने हसत होते. मुलगा म्हणाला, "आजोबांना काही कळत नाहीये." आठ दिवसांनी ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची यंत्रावरची तपासणी केली. दोन्ही कानांत मध्यम बहिरेपणा. खालचे जाड स्वर बऱ्यापैकी शाबूत, पण दोन हजार हर्ट्झच्या पुढे आलेख जिना उतरावा तसा खाली गेलेला. हे एका वर्षात झालेलं नसतं.

मग एकेक आठवू लागलं. झाडीपट्टीच्या नाटकांना ते गेली काही वर्षं हट्टाने पहिल्या रांगेत बसत. आम्हाला वाटायचं, हौस. फोन आला की "तूच बोल" म्हणून आईच्या हातात देत. आम्हाला वाटायचं, कंटाळा.

तर मग जुनी गाणी कशी ऐकू येत होती? त्याचं उत्तर कानात नाही, मेंदूत आहे. रिचर्ड वॉरेन या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा, गमतीशीर प्रयोग मांडला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला 'स'चा आवाज त्याने कापून काढला आणि त्या जागी खोकला चिकटवला. वीस जणांना ते ऐकवलं. खोकला सगळ्यांना ऐकू आला. पण एखादा उच्चार गायब आहे असं जवळजवळ कुणालाच वाटलं नाही. मेंदूने तो 'स' स्वतःच भरून टाकला होता. एका वाक्यात एवढं होतं, तर पन्नास वर्षांत हजार वेळा ऐकलेल्या गाण्यात किती होत असेल? बाबा निम्मं गाणं कानाने ऐकत होते आणि निम्मं आठवत होते.

वयाने येणारा बहिरेपणा आवाज सरसकट बारीक करत नाही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्याच्या तोंडाशी, जिथून आवाज आत शिरतो, तिथल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि झिजतातही त्याच आधी. आपल्या बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. अर्थ मात्र व्यंजनांवर लटकलेला असतो. स, श, फ, त, थ यांचे आवाज हलके आणि उंच. ते गेले की 'सात' आणि 'हात', 'साठ' आणि 'पाठ' यांतला फरक जातो. म्हणून असा माणूस "ऐकू येत नाही" असं म्हणत नाही. "आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात" असं म्हणतो. बाबा तेच म्हणत.

इथेच विनोदी गाण्यांचा वेगळा उपयोग आहे, आणि माझ्या माहितीत तो कुणी सांगत नाही. दुःखाचं गाणं नुसत्या चालीवर तरून जातं. चार शब्द सुटले तरी डोळे भरतात. विनोदाचं तसं नाही. दादा कोंडक्यांच्या गाण्यातला चावटपणा एकाच शब्दाचे दोन अर्थ लागण्यावर उभा असतो. तो शब्द नीट ऐकू आला नाही तर गंमत गेली. शिवाय चित्रपट पाहताना ओठ दिसतात, कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचतात. नुसत्या गाण्यात ओठ नसतात. ('पडोसन'मध्ये तर ओठ सुनील दत्तचे आणि आवाज मागे लपलेल्या किशोरकुमारचा, पण ते जाऊ द्या.) म्हणून अनोळखी विनोदी गाणं किंवा संवाद ही घरच्या घरी करता येईल अशी चांगली पारख आहे. म्हातारा माणूस कुठे हसतो, आधी हसतो की आपल्या मागून, एवढं बघायचं. ही तपासणी नव्हे, पण तपासणीला कधी न्यायचं ते यावरून कळतं.

भंडाऱ्यात हे पाहणं जास्त गरजेचं आहे. आमच्याकडे पितळेची भांडी ठोकण्यात हयात गेलेली माणसं येतात. रोज आठ-दहा तास हातोडीचा आवाज. त्यांच्या कानांच्या आलेखात चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. तो आवाजाने केलेला असतो, वय त्यात नंतर भर घालतं. भातगिरण्यांत काम केलेल्यांचंही तेच. असे एक गृहस्थ मधुमेहासाठी येतात. ऐकू येतं का विचारलं तर म्हणाले, "रेडूवरचे गाने सप्पा आयकू येतेत जी." शेजारी उभी सून हळूच म्हणाली, "पण मामाजी गोळ्या चुकीच्या वेळी घेतात." मी वेळ सांगितली होती, त्यांनी दुसरीच ऐकली होती. आता मी वेळ कागदावर लिहून देतो. ते मी आधीच करायला हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढच्या चारपैकी एकापेक्षा जास्त माणसांना त्रास होण्याइतका बहिरेपणा असतो. न ऐकू येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर काही करता येतं त्यांत 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञसमितीने बहिरेपणा धरलेला आहे. मात्र यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून तीन वर्षांत फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली.

गाण्यांच्या बाबतीतही तसंच. 'संगीतोपचार' या नावाखाली वाट्टेल ते विकलं जातं, आणि मला त्याचा राग आहे. पण हेलसिंकीत झालेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास चांगला आहे. पक्षाघाताच्या रुग्णांनी पहिले दोन महिने रोज किमान तासभर आवडीची गाणी ऐकली, तर त्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा चांगलं सुधारलं. गाणी त्यांनी स्वतः निवडलेली होती, हे महत्त्वाचं. म्हणून आईवडिलांना असा डबा किंवा तबकडी जरूर घेऊन द्या, निवड मात्र त्यांची असू द्या. मुलांनी भक्तिगीतं भरून द्यायची आणि म्हाताऱ्याला हवी असतात दादांची गाणी, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

आवाज किती ठेवावा? ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० झाला की फक्त ४ तास. खोलीतल्या दुसऱ्या माणसाला ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. आणि रोज थोडा थोडा वाढवावा लागत असेल तर डबा बदलू नका, कान दाखवा. कधी कधी नुसता मळ निघतो आणि माणूस हसत घरी जातो. काडेपेटीच्या काडीने तो घरी काढू नका. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तपासणी होते, आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं.

बाबांना यंत्र बसवून सात महिने झाले. पहिले तीन आठवडे पंख्याचा आवाज आणि भांड्यांचा खणखणाट यांनी ते वैतागले होते. आता जेवताना, फोनवर आणि पाहुणे आले की लावतात. संध्याकाळी 'पडोसन' लावायच्या आधी मात्र दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवतात, कारण त्यात म्हणे किशोरकुमार पत्र्याच्या डब्यात बसून गातो. यात तथ्य आहे. ही यंत्रं बोलण्यासाठी जुळवलेली असतात, गाण्यासाठी त्यांची मांडणी वेगळी करून घ्यावी लागते. ती करून घ्यायला पुढच्या महिन्यात जायचं आहे. तोवर संध्याकाळी सात ते आठ त्यांच्याशी कुणी काही बोलत नाही.