जन्म लागोसचा, दाखला अनाम्ब्राचा

नायजेरियाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे लॉटरी लागल्याच्या ईमेलवरचा तो जुना जोक. दुसरी जरा शहाण्या माणसाची: "अडीचशे जमाती एका देशात कोंबल्यावर दुसरं काय होणार?" पहिली सोडून द्या. दुसरीचा मला राग येतो. ऐकायला ती अभ्यासू वाटते आणि नेमकी चुकीची आहे. शिवाय अबुजातले राज्यकर्तेही स्वतःच्या नाकर्तेपणाला हेच कारण देतात. त्यांच्या सोयीचंच आहे ते.

२०१९ ते २०२३ मी लागोसला नोकरी केली. पंडित वगैरे नाही, माल येतो-जातो ते बघायचं काम होतं. पण चार वर्षं एका शहरात काढली की कोण कुणाला काय म्हणतं हे कानावर पडतंच.

आमच्या गोडाऊनचा सुपरवायझर इग्बो होता. नाव सांगत नाही, कारण तो अजून तिथेच आहे. जन्म लागोसचा, शाळा लागोसची, बायको लागोसची. योरुबा अशी बोलतो की बाजारात कुणाला शंका येणार नाही. बियाफ्राचं युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं आणि त्याचा बाप लागोसला परत आला. त्या काळी सरकारचा नियम असा होता की युद्धाआधी बँकेत कितीही पैसे असोत, इग्बो खातेदाराला मिळणार फक्त २० पौंड. "ना कोणी जिंकलं, ना कोणी हरलं," असं जनरल गोवोन जाहीर करत होते, आणि इकडे माणसं २० पौंड खिशात घालून नव्याने सुरुवात करत होती. त्या बापाने दुकान टाकलं, मुलं शिकवली. म्हणजे हे कुटुंब पन्नास वर्षांहून जास्त काळ लागोसचं आहे.

आता त्याचा कुठलाही सरकारी फॉर्म बघा. त्यात एक रकाना असतो, 'मूळ राज्य'. तिथे तो लिहितो अनाम्ब्रा, जिथे तो नाताळला आठ दिवस जातो. लागोस लिहिता येत नाही, कारण संविधानातच 'एखाद्या राज्याचा असणं' म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे: आई-बाप किंवा आजी-आजोबा तिथल्या मूळच्या समाजातले असले पाहिजेत. तुम्ही कुठे जन्मलात, कुठे राहता, टॅक्स कुठे भरता याच्याशी काही संबंध नाही. तसा दाखला स्थानिक प्रशासन देतं, आणि सरकारी नोकरी, स्कॉलरशिप, कॉलेजचा प्रवेश या सगळ्यांत तो लागतो. आपल्याकडे डोमिसाईलसाठी १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, त्यावरून आपण केवढे वाद घालतो! तिथे दीडशे वर्षं राहिलात तरी उपयोग नाही. रक्त कुठलं ते सांगा.

हे आलं कुठून? खरं सांगायचं तर चांगल्या हेतूने आलं. १९६६ मध्ये दोन लष्करी बंडं झाली, उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, मग तीस महिन्यांचं युद्ध आणि दहा लाखांच्या वर माणसं मेली, त्यातली बहुतेक उपासमारीने. त्यानंतर कुठल्याही एका समाजाच्या हातात सगळी सत्ता जाऊ नये म्हणून १९७९ च्या संविधानात 'फेडरल कॅरॅक्टर' आणलं, म्हणजे केंद्रात सगळ्यांना वाटा. प्रत्येक राज्यातला, तोही तिथला मूळचा, एक तरी मंत्री हवाच. राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत, दोन-तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मतं लागतात. कागदावर मला हे आजही आवडतं. नुकतीच एकमेकांची पोरं मारलेल्या लोकांनी असं काही लिहून काढणं सोपं नव्हतं.

मग बिघडलं कुठे? तेलात.

स्वातंत्र्याच्या वेळी, १९६० मध्ये, नायजेरियात तीन प्रांत होते आणि प्रत्येकाची स्वतःची कमाई होती. कानोला शेंगदाण्याच्या पोत्यांचे डोंगर लागायचे, पश्चिमेला कोको, पूर्वेला पाम तेल. पश्चिम प्रांतात आवोलोवोंनी १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते कोकोच्या पैशावर. प्रांताची अस्मिता तेव्हाही होती, खुन्नसही होती, पण ती काहीतरी उभं करण्याची खुन्नस होती. (फार रम्य चित्र रंगवायला नको. त्या प्रांतांतल्या लहान समाजांना विचारा, ते वेगळंच सांगतील.) पुढे डेल्टातलं तेल वाढलं, लष्करशहा आले आणि सगळा पैसा केंद्रात जमा होऊ लागला. आज दर महिन्याला अबुजात बैठक होते, पैशाची वाटणी होते आणि बहुतेक राज्यं त्या वाट्यावर जगतात. ज्यांच्या जमिनीतून तेल निघतं त्यांना संविधानाने कबूल केलेत किमान १३ टक्के. त्या डेल्टातल्या ओगोनींसाठी बोलणाऱ्या केन सारो-विवांना १९९५ मध्ये फासावर चढवलं, हेही विसरू नका.

एकदा पैसा वरून खाली येतो म्हटलं की राज्य म्हणजे कारभाराचं घर राहत नाही, वाटा मागायची पावती होते. १९६७ मध्ये १२ राज्यं, १९७६ मध्ये १९, मग २१, मग ३०, १९९६ पासून ३६. तरी नव्या राज्याची मागणी चालूच! कारण नवं राज्य म्हणजे नवा गव्हर्नर, नवा मंत्री आणि महिन्याचा नवा चेक.

आणि पावतीवर किती डोकी लिहायची यावर भांडण होणारच. १९६२ ची जनगणना रद्द, १९७३ ची रद्द. २००६ मध्ये कानो ९३.८ लाख आणि लागोस ९०.१ लाख निघालं. लागोस सरकार म्हणालं, आमची माणसं पावणेदोन कोटी! त्यानंतर जनगणनाच नाही. २०२३ ची ठरली आणि पुढे ढकलली. आफ्रिकेतला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा देश म्हणून मिरवतात, पण ती लोकसंख्या नक्की किती, हे कुणी मोजून सांगू शकत नाही. (हसू नका. आपली २०२१ ची जनगणना कधी झाली ते आठवा, आणि मतदारसंघांच्या फेररचनेवरून दक्षिणेची राज्यं का अस्वस्थ आहेत तेही.)

जिथे वाटा हाच कारभार, तिथे निवडणूक म्हणजे पाळी. आठ वर्षं उत्तर, आठ वर्षं दक्षिण. बोला टिनुबूंनी २०२२ मध्ये अबेओकुटात योरुबात सरळ सांगून टाकलं, "एमी लोकान." आता माझी पाळी. मला या वाक्याचा प्रामाणिकपणा आवडतो. विजेचं काय करणार, शाळांचं काय करणार, कशाला बोलायचं? २०२३ मध्ये नोंदलेले मतदार ९.३४ कोटी होते. टिनुबूंना मतं पडली सुमारे ८८ लाख. पाळी आली. शपथेच्याच दिवशी पेट्रोलची सबसिडी गेली, पाठोपाठ नायरा मोकळा सोडला, आणि डॉलरला ४६० असलेला भाव वर्षभरात १५०० च्या आसपास गेला. सबसिडी कधीतरी जायलाच हवी होती, त्यावर माझा वाद नाही. पण 'पाळी' म्हणून निवडून आलेल्या माणसाकडे लोकांना सांगायला काहीच नसतं, आणि 'आपला माणूस' म्हणून मत दिलेल्यांकडे विचारायला काही नसतं. योरुबा बाईलाही टोमॅटो त्याच भावाने घ्यावा लागतो.

हेच टिनुबू लागोसचे गव्हर्नर होते तेव्हा केंद्राने अडवलेल्या निधीसाठी राष्ट्राध्यक्ष ओबासांजोंशी भांडले होते. राज्यांच्या हक्कांचा मोठा कैवारी! मार्च २०२५ मध्ये त्यांनीच रिव्हर्स राज्यात आणीबाणी लावून निवडून आलेला गव्हर्नर सहा महिन्यांसाठी घरी बसवला.

पण मला बोलायचंय ते लागोसबद्दल. २५ फेब्रुवारी २०२३ ला टिनुबू देश जिंकले आणि स्वतःचं लागोस दहा हजारांहून कमी मतांनी हरले, पीटर ओबींकडून. ओबी इग्बो, अनाम्ब्राचे माजी गव्हर्नर. त्यांना मत देणाऱ्यांत योरुबा तरुणही भरपूर होते, पण राग निघाला इग्बोंवर. तीन आठवड्यांनी, १८ मार्चला, गव्हर्नरची निवडणूक होती. ओबींच्या पक्षाचा उमेदवार लागोसच्या जुन्या योरुबा घराण्यातला, पण आई इग्बो. झालं, तो 'आपला' नाही असा प्रचार सुरू. एका वाहतूक पुढाऱ्याचा व्हिडिओ फिरला: आम्हाला मत देणार नसाल तर घरी बसा, आणि हे बोलताना नाव घेतलं इग्बो बाईचं. पोलिसांनी सांगितलं, तो विनोद होता.

आमचा सुपरवायझर त्या शनिवारी सकाळी मतदान केंद्रावर गेला होता. गल्लीच्या तोंडाशी पोरं उभी होती, लहानपणापासून ओळखीची. त्यांनी नाव विचारलं. ओळखीची असून नाव विचारलं! तो परत आला. सोमवारी मला म्हणाला, "ओगा, मी योरुबात उत्तर दिलं. ते म्हणाले, भाषा नको, नाव सांग."

आता सांगा, यात 'अडीचशे जमातींचा' दोष काय? ही माणसं पन्नास वर्षं एका गल्लीत राहत होती. हा सरकारी फॉर्मवरचा रकानाच आहे, फक्त हातात काठी घेतलेला. राज्य जे कागदावर म्हणतं तेच पोरं गल्लीत म्हणाली.

जुलै-ऑगस्ट २०२४ चे आठवडे आठवा. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या सौंदर्यस्पर्धेत सोवेटोत जन्मलेली मुलगी उतरली होती, बाप नायजेरियन, नाव इग्बो. तिथल्या लोकांनी 'ही आमची नाही' म्हणून एवढा गदारोळ केला की तिने माघार घेतली. (तिच्या आईच्या कागदपत्रांचा घोळ होता तो वेगळा.) नायजेरियात संतापाची लाट आली आणि ती रास्तच होती. पण त्याच दिवसांत लागोसमध्ये सोशल मीडियावर काय ट्रेंड होत होतं? 'इग्बो मस्ट गो'. जोहान्सबर्गला जे विचारायचं ते आधी लागोसला विचाराल की नाही?

आणि इथेच ते 'आफ्रिकेचा महाकाय' प्रकरण येतं. हा देश एकेकाळी खरंच मोठा वागला आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी असलेल्या व्यवहारांवरून १९७९ मध्ये त्याने ब्रिटिश पेट्रोलियमची मालमत्ता ताब्यात घेतली होती. १९९० मध्ये लायबेरियात आणि पुढे सिएरा लिओनमध्ये शांततेसाठी सैन्य पाठवलं, त्यात सिंहाचा वाटा नायजेरियाचा होता. (घरी मात्र तेव्हा लष्करशाहीच होती, हा विनोद तिथले लोक स्वतःच करतात.)

आता २०२३ बघा. २६ जुलैला शेजारच्या नायजर देशात बंड झालं. टिनुबू तेव्हा पश्चिम आफ्रिकी देशांच्या 'इकोवास' संघटनेचे अध्यक्ष, गादीवर बसून तीन आठवडेही झाले नव्हते. एका आठवड्याची मुदत दिली, नाहीतर बळ वापरू. सीमा बंद केली, वीज तोडली. पण नायजरशी लागून असलेली सुमारे १६०० किलोमीटरची सीमा कुणाच्या दारातून जाते? सोकोटो, केब्बी, कात्सिना, झामफारा, जिगावा, योबे, बोर्नो या उत्तरेच्या सात राज्यांच्या. दोन्ही बाजूंना तेच हौसा, तीच नाती, तोच आठवडी बाजार. उत्तरेचे सिनेटर उठले: आमच्या भावांवर सैन्य? सिनेटने टिनुबूंना सांगितलं, चर्चा करा. मुदत संपली, काही झालं नाही. नायजर, माली आणि बुर्किना फासो जानेवारी २०२५ मध्ये संघटनेतूनच बाहेर पडले.

युद्ध झालं नाही ते उत्तमच झालं. पण धमकी देण्याआधी आपल्याच सात राज्यांना विचारावं हे त्या सरकारला सुचलं नाही, कारण ती सात राज्यं म्हणजे त्यांच्या लेखी मतांची आणि वाट्याची बेरीज. घरात ज्यांना फक्त कोटा म्हणून ओळखता, त्यांच्या जिवावर दारात दादागिरी कशी होणार? सहा आठवड्यांनी टिनुबू दिल्लीच्या जी-२० परिषदेला आले ते पाहुणे म्हणून. दक्षिण आफ्रिका तिथे सदस्य म्हणून बसली होती.

यावर उत्तरेकडचा मित्र म्हणेल की कोटा काढला तर आमची पोरं कुठे जातील? मुद्दा खरा आहे. केंद्राच्या 'युनिटी' शाळांच्या प्रवेशाचे २०१३ चे कटऑफ गाजले होते. अनाम्ब्राला १३९, लागोसला १३३, योबेच्या मुलग्यांना २. मागे पडलेल्या भागाला हात द्यायलाच हवा, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण इतकी वर्षं हात देऊनही आकडा २ वर असेल तर शाळेचा पैसा कुणी खाल्ला, हे योबेच्या बापाने योबेच्या गव्हर्नरला विचारायला हवं. तो विचारत नाही, कारण त्याला सांगितलंय की तुझा शत्रू लागोसला बसलाय. देशात एक कोटीहून जास्त मुलं शाळेबाहेर आहेत, त्यांतली बरीचशी उत्तरेतली. आणि सुपरवायझरच्या लागोसला जन्मलेल्या मुलीला मोजायचं कुठल्या आकड्याने? १३९.

मागणी एवढीच आहे की 'मूळ राज्य' हा रकाना खोडा आणि तिथे 'राहतो कुठे' लिहा. अमुक वर्षं राहिला, टॅक्स भरला, तो तिथला. तिथलेही अनेक लोक हे वर्षानुवर्षं मागत आहेत. होत नाही, कारण त्या रकान्यावर ३६ गव्हर्नरांची आणि त्यांच्या मागच्या हजारोंची दुकानं चालतात. उत्तरेची, पश्चिमेची आणि पूर्वेचीही. पूर्वेत २०२१ पासून फुटीरांनी सोमवारचा बंद लादला, त्यात सगळ्यात जास्त मेले ते इग्बो दुकानदारांचेच धंदे.

गेल्या महिन्यात सुपरवायझरचा फोन आला होता. २०२७ साठी मतदार नोंदणी गावाकडे हलवायच्या विचारात आहे. म्हणजे मत द्यायला बसने अख्खा दिवस प्रवास, तेवढाच परत. मी म्हटलं, वेडा आहेस का, तुझं घर लागोसला आहे. तो म्हणाला, "ओगा, तिकडे निदान नाव विचारत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाला, "फक्त सोमवारी पोचायला नको. स्टँडवर पाणीसुद्धा मिळत नाही."