बादलीतला मासा

मी मालवणच्या रापणकराची मुलगी. बाजारात कल्ला उघडून पाहिल्याशिवाय मासा घेत नाही. त्यामुळे दुबईच्या डॉल्फिन शोमध्ये नातू उड्या बघत होता तेव्हा माझी नजर ट्रेनरच्या बादलीवर होती. बर्फातला मासा, डोळे आत गेलेले. दर उडीनंतर डॉल्फिन काठाशी येऊन आ करायचा, त्याच्या तोंडात एक मासा पडायचा. टाळ्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू!

आमच्याकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. बाबांना त्याचं फार कौतुक होतं असं नाही. तारलीच्या मागे लागून गादा रापणीत शिरला की जाळं फाटायचं, आणि मग बाबा जे बोलायचे ते इथे छापता येणार नाही. तरी शिव्या घालतच ते त्याला बाहेर काढून द्यायचे. "जा मेल्या, परत येव नको!" तो दुसऱ्या दिवशी हजर. पण मेलेला मासा गिळताना मी गादा कधी पाहिला नाही. समुद्रातून धरलेल्या डॉल्फिनला तो खायला शिकवावा लागतो, आणि तोवर उपाशी ठेवतात, हे मी घरी परतल्यावर वाचलं.

मग वाचतच गेले. जपानच्या ताइजी गावात सप्टेंबरपासून हंगाम सुरू होतो. बोटींतून लोखंडी नळ्या पाण्यात सोडून त्यांवर हातोडे मारतात. आवाजाने बिथरलेला कळप खाडीत कोंडला जातो. देखणे, तरुण डॉल्फिन मत्स्यालयांसाठी निवडतात, उरलेल्यांपैकी बरेच कापतात. जिवंत डॉल्फिनला त्याच्या मांसाच्या कितीतरी पट भाव येतो. म्हणजे शिकार आणि शो हे दोन धंदे नाहीतच. दुबईतल्या एका रिसॉर्टसाठी २००७ मध्ये सॉलोमन बेटांवरून २८ डॉल्फिन विमानाने आणले होते. मी पाहिलेले कुठले, ते तिकिटावर लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे हा खेळ चालत नाही. १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून डॉल्फिन आणले, ते काही महिन्यांतच मेले. सिंधुदुर्गातही डॉल्फिन पार्कच्या गप्पा झाल्या होत्या. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमना परवानगी देऊ नये असं परिपत्रक काढलं. मला त्याचा अभिमान आहे. पण मग आपणच सहकुटुंब विमानात बसून तेच बघायला परदेशी जातो, आणि टूरवाले ते 'मुलांसाठी खास' म्हणून विकतात.

भाची म्हणाली, "मावशी, शोमधले काही डॉल्फिन तिथेच जन्मलेत, समुद्रात सोडले तर मरतील." खरं आहे. सोडा असं मी म्हणतच नाही. पुढचे आणू नका, नवे जन्माला घालू नका, एवढंच. अमेरिकेत सीवर्ल्ड या सागरी उद्यानांतल्या ऑर्कांवरचा (तेही डॉल्फिनच्याच कुळातले) 'ब्लॅकफिश' हा माहितीपट आल्यावर लोकांनी पाठ फिरवली, आणि २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं.

दिवाळीच्या सहलींची बुकिंगं सुरू झाली आहेत. टूरवाल्याने कार्यक्रमपत्रिका पुढे केली की डॉल्फिन शोची ओळ त्याच्यासमोरच खोडा आणि का खोडली तेही सांगा. आम्ही पुन्हा गेलो तर शोसाठी ठेवलेल्या वेळात मी नातवाला दुबईच्या मासळी बाजारात नेणार आहे. कल्ला कसा बघायचा ते त्याला अजून येत नाही.