रणभूमीवरून आणलेल्या वस्तूंचे वारस

दुसऱ्या महायुद्धातून घरी परतलेल्या सैनिकांच्या सामानात पदकांखेरीज आणखीही काही असे. शत्रूचे शिरस्त्राण, एखादी संगीन, पट्ट्यावरील बिल्ला, दुर्बीण, क्वचित एखाद्या अधिकाऱ्याची तलवार. अमेरिकन सैन्याने तर या हौसेला रीतसर परवान्याचे रूप दिले होते. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला असला म्हणजे जिंकलेली वस्तू मायदेशी नेता येई. स्फोटकांना मात्र मनाई होती. त्या पिढीतील बहुतेक सैनिक आता हयात नाहीत. त्यांच्या ट्रंका नातवंडे उघडीत आहेत आणि आतील वस्तू लिलावात तरी जात आहेत किंवा भंगारात तरी. म्हणूनच या वस्तू कोणाच्या, हा प्रश्न आज विचारणे अवश्य झाले आहे.

‘ज्याने जिंकले त्याचे’ हे उत्तर वरवर सरळ वाटते. परंतु युद्धाचा कायदा इतका भाबडा नाही. जखमी व मृत सैनिकांविषयी १९२९ साली जो जिनिव्हा करार झाला, त्यात रणांगणावर किंवा मृतांच्या अंगावर सापडलेल्या वैयक्तिक वस्तू गोळा करून एकमेकांकडे पोचवाव्यात, असे उभय पक्षांवर बंधन होते. १९४९ च्या करारात तर भावनिक मोल असलेल्या वस्तूंचाही स्पष्ट उल्लेख आला. म्हणजे बंदूक सरकारची आणि ती जिंकणाऱ्या सरकारकडे जावयाची. मृताच्या खिशातील पत्र मात्र त्याच्या घरचे. व्यवहारात हा भेद कोणी पाळला नाही, ही गोष्ट वेगळी.

जपानी सैनिकाजवळील निशाणाकडे पाहिले म्हणजे हा भेद लख्ख दिसतो. तरुण आघाडीवर निघाला की आप्तेष्ट आणि गावकरी सूर्यबिंबाच्या ध्वजावर शाईने आपापली नावे लिहीत, रणभाग्य अखंड राहो अशी शुभेच्छा लिहीत. तो घडी करून सैनिक अंगावर बाळगी. अमेरिकन सैनिकांच्या लेखी ही सर्वांत सोयीची आठवण होती. वजन नाही आणि खिशात मावते. त्यांना लिपी वाचता येत नव्हती. शत्रूचा ध्वज म्हणून त्यांनी जे उचलले ते वस्तुतः एका गावाचे निरोपाचे पत्र होते. इकडे अनेक जपानी घरांना अस्थींऐवजी दोन-चार दगड ठेवलेली पेटी तेवढी मिळाली होती.

सायपान बेटावर १९४४ साली असा ध्वज घेतलेला मॉन्टानातील एक माजी सैनिक २०१७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, तो घेऊन स्वतः जपानमधील एका डोंगरी खेड्यात गेला. ध्वजावर सुमारे १८० नावे होती. मृताचा धाकटा भाऊही तोवर नव्वदीच्या उंबरठ्यावर आला होता. आपला भाऊ कोठे आणि कसा पडला, हे त्या कुटुंबाला त्या दिवशी प्रथम कळले. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात २००९ साली स्थापन झालेली ओबोन सोसायटी हेच काम करते. तिच्या संस्थापिकेचे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले ते परतलेच नाहीत. पुढे त्यांचा ध्वज मात्र घरी आला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. जपानी छावण्यांत ज्यांनी हाल सोसले त्यांच्या मुलांनी हे औदार्य का दाखवावे? सिंगापूर पडल्यावर कैद झालेले कितीतरी भारतीय जवान न्यू गिनीच्या जंगलात नेले गेले आणि तेथेच खंगून मेले. हे विसरा असे कोणी सांगू नये. पण ध्वज परत देणे म्हणजे जपानी लष्करशाहीला दोषमुक्तीचा दाखला देणे नव्हे. त्या कापडावर सेनापतींची नावे नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहेत.

वस्तू उचलण्याच्या या हौसेने सैन्याचेही नुकसानच केले. जपानी सैनिक नेमाने रोजनिशी लिहीत. त्या वाचण्यासाठी दोस्तांनी १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात भाषांतरकारांचे खास पथक उभारले, पण आठवण म्हणून खिशात घातलेले कागद त्या पथकापर्यंत पोचावेत यासाठी अधिकाऱ्यांना सैनिकांची सतत मनधरणी करावी लागे. त्याहून घृणास्पद प्रकार हाडे आणि कवट्या नेण्याचा. अमेरिकन नौदलाने त्याला १९४२ सालीच मनाई केली. तरीही १९४४ साली शत्रूच्या हाडाचा कागद कापण्याचा सुरा खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेट म्हणून आला. त्यांनी तो परत पाठविला, हे त्यांच्या नावे नोंदवून ठेवावयास हवे.

आपल्याकडे जाहीर विजयचिन्हांची परंपरा आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटा मेणवलीस आणि भीमाशंकरास आजही टांगलेल्या आहेत. त्यांचे मूळ सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविषयी उघडपणे बोलता येते. मराठा पलटणींतील जवान १९४४-४५ मध्ये इटलीत आणि मणिपूर-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. सांगशाकच्या लढाईत मराठ्यांची चौथी बटालियन होती. अशा जवानांच्या घरी काही आले असेल तर त्याची नोंद मात्र कोठेच नाही. सातारा-सांगलीकडील शाळांतील इतिहासशिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एवढे एक काम करून घेतले, तरी पुष्कळ साधेल.

त्यासाठी खर्च लागत नाही. वस्तूचे छायाचित्र काढावे. आजोबांची पलटण, आघाडी आणि साल घरात ज्याला आठवत असेल त्याच्याकडून लिहून घ्यावे. पिस्तूल किंवा हातबाँब निघाला तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे. ऐंशी वर्षांच्या गंजाने दारू मरते असे समजू नये. आणि ट्रंकेच्या तळाशी अक्षरे लिहिलेले एखादे पांढरे कापड सापडलेच, तर ते स्वच्छ करण्याच्या हौसेने धुवू नये. त्यावरील नावे शाईची असतात.